भरलेला बार

सयाजी मिस्त्रींनी लोखंडी गज बंदुकीच्या नळीत सोडला, तोंडाशी बोटानं खूण धरली आणि गज बाहेर काढून नळीवर आडवा ठेवला. आतली खोली बाहेरच्या लांबीपेक्षा चार बोटं कमी भरली.

"बार भरलेला हाय की वो आत," ते म्हणाले. "बंदूक माळ्यावर टाकली ती भरूनच टाकलीसा."

बाकड्यावर बसलेल्या बनाबाईनं चटकन नळीकडे पाहिलं. तिचा नवरा केरबा मात्र हसला. "मग काढा की बाहेर. दोन वर्सांचा शिळा माल."

दोघं सकाळच्या एसटीनं गगनबावड्याकडून कोल्हापुरात आली होती. तिकडच्या पावसानं ही एकनळी, ठासणीची बंदूक गंजून गेली होती. परवान्यावरचा नंबर बंदुकीवर दिसत नव्हता, आणि नंबर दिसल्याशिवाय परवाना पुढं चालणार नव्हता. मिस्त्रींनी रॉकेल आणि पितळी ब्रश घेऊन आधी तासभर घासलं होतं. नळी विलायती आहे, दस्ता मात्र इथल्याच कुठल्यातरी सुतारानं शिसवीचा बसवलाय, हे त्यांनी हात फिरवूनच ओळखलं होतं. मग गंजाखालून चार आकडे वर आले होते. केरबानं ते परवान्याशी ताडून पाहिले, आणि सत्तरीच्या त्या माणसाचा चेहरा असा फुलला होता की बघत राहावं.

"आता एवढंच सांगा, मिस्त्री," तो म्हणाला. "पयलं एक डुक्कर पडलं, त्येच्यामागनं चाळीस वर्सं एकबी न्हाय. खोट बंदुकीत हाय का माझ्या डोळ्यात?"

"बार काढून बघतो. तुमी जरा लांब सरका."

केरबा चहा सांगायला एसटीडी बूथशेजारच्या टपरीवर गेला. बनाबाई जागची हलली नाही.

गावात एकच बंदूक आणि तीही केरबाच्या हातात, म्हणून तर रानडुकरं सुखात आहेत, असं लोक म्हणत. जावयानंसुद्धा भरल्या पंगतीत ही थट्टा केली होती. केरबा सगळ्यांबरोबर हसायचा. ते हसणं बनाबाईच्या काळजाला लागायचं, कारण त्याचं हसं करणारी तीच होती. आज ते उघडं पडलं तर त्याला तोंड कसं दाखवायचं?

मिस्त्रींनी घोड्याखालच्या भोकातून तेल सोडून दारू भिजवली. गजाला पेच लावून काथ्याचा बोळा ओढून काढला आणि नळी फळीवर उपडी केली. छर्रे पडायला हवे होते. पडली ती मूठभर नाचणी.

मिस्त्री तिच्याकडे पाहत राहिले. "बंदूक भरतंय कोण?"

"मीच." तिनं हात जोडले. "त्यास्नी सांगू नगासा, मिस्त्री. लग्नाच्या वर्षी त्यांनी डुकरीण मारली. मागनं तिची चार पिल्लं आली, तिला हुंगत बसली. ह्यांनी चार दिवस भाकरीला हात लावला न्हाय. पर पीक तर राखायचं हुतं. डुकरं आवाजानंबी पळत्यात. मग ह्यास्नी म्हटलं, तुमचा हात तंबाखूचा, दारू सादळंल, मीच भरते."

बाहेर केरबाचा खोकला ऐकू आला. तिनं झटक्यात नाचणी गोळा केली आणि पदराच्या गाठीत बांधली.

"काय म्हणतीय बंदूक?" त्यानं आत येत विचारलं.

मिस्त्रींनी नळीच्या टोकावरच्या माशीवरून, नेमाच्या बारीक खुंटीवरून, उगाच बोट फिरवलं. "डोळा तुमचा चांगला हाय. माशी वाकडी हाय. नेम धरायचा कसा माणसानं?"

"म्हंजे माशीनंच घात केला म्हणायचा!" केरबानं मांडीवर थाप मारली आणि सगळ्यांना चहा दिला. बनाबाईला तो घोट फार गोड लागला. चाप ओढून, घोडा पाडून मिस्त्रींनी बंदूक चालू असल्याची चिठ्ठी लिहून दिली.

स्टँडवर गाडीला अवकाश होता. केरबा बंदूक घोंगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसला होता. मग त्यानं तिच्या पदराची गाठ हळूच हातात घेतली आणि सोडून नाचणी तळहातावर ओतली.

"अगं," तो म्हणाला, "औंदा नाचणी नगं, कोंडा घाल. बारातनं उडून रानाच्या कडंला उगवलेली रोपं लोकांच्या नजरंला पडायच्या आधी उपटायला आता कंबर वाकंना माझी."