कडेचा गडी

चेंडू सुटतो. पांढऱ्या जर्सीचा गडी तो पोटाशी धरून मैदानाच्या बाहेरच्या कडेनं पळतो. लाल जर्सीतला रेहान वळेपर्यंत तो गेलेला असतो.

मागे.

चेंडू सुटतो. पांढरा गडी बाहेरून पळतो. रेहान वळतो. गेला.

मागे.

"हारूनभाई, परत तेच?" शेजारचा शिंपी ओवेस गळ्यात टेप घेऊन दुकानात शिरला. "पोराला पडताना बघून मन भरत नाही तुमचं?"

"पडत नाहीय तो. हुकतोय."

"एकच ते."

"एक नाही." हारूननं मॅचचा व्हिडिओ थांबवून मोबाइल काउंटरवर उभा केला.

आखातातल्या सहम गावातली दुकानं दुपारनंतर नुकतीच उघडत होती. अमेरिकेत आत्ता सकाळ. काल रेहानच्या कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची टीम हरली होती. समोरचे पुन्हा पुन्हा एकाच बाजूनं निसटले होते आणि ती बाजू रेहानची होती. थोड्या वेळानं तिथं मीटिंग होती. पुढच्या मॅचला त्या कडेवर कोण उभं राहणार, ते कोच सांगणार होता.

हारूननं फ्रीजमधून लाल कॅन काढून काउंटरवर ओळीनं लावले. त्यांच्यासमोर लबानच्या, म्हणजे ताकाच्या, पांढऱ्या बाटल्या. चेंडू म्हणून एक वाळलेलं काळं लिंबू.

"हा रेहान." एक कॅन त्यानं काउंटरच्या पार कडेला नेला.

"पडेल हो."

"तिथंच उभं राहायचंय त्याला. चेंडूवाला हातात नाही सापडला तरी चालेल. बाहेर सोडायचा नाही, बस. आत वळवायचा. आत बाकीचे आहेत."

"मग निसटतो कुठून?"

हारूननं लिंबू मधोमध सरकवलं. मागोमाग सगळे कॅन मधोमध सरकवले. कडेचासुद्धा. मग लिंबाला बोटानं बाहेरच्या बाजूला टिचकी मारली. ते रिकाम्या कडेवरून घरंगळत ओवेसच्या पायाशी पडलं.

"बाउंड्रीवरचा फिल्डर पुढं धावला की मागून चौकार, तसं." ओवेसनं लिंबू उचललं. "मग सांगा ना त्याला. हलू नको म्हणावं."

"कोच रोज सांगतो. त्याला माहीत आहे."

"माहीत आहे, मग आत कशाला पळतो गाढव?"

मागे.

या वेळी हारूननं चेंडू सुटायच्या आधीच चित्र थांबवलं. दोन्हीकडचे गडी वाकून तयार. सगळे समोर बघत होते. फक्त रेहानची मान वळलेली होती. तो आत, आपल्याच पोरांकडे बघत होता.

त्याच चित्रावर रेहानचा कॉल आला. एका डोळ्याखाली सूज. मागे पांढरी भिंत.

"सलाम, अब्बा. मम्मीला नका सांगू प्लीज. मी खूप बॅड खेळलो."

"काही खाल्लंस?"

"मीटिंगनंतर. मे बी मला काढणार."

"रेहान, चेंडू सुटायच्या आधी तू आत कुणाकडे बघतोस?"

"ते दिसलं तुम्हाला?"

"आत्ता दिसलं."

"अब्बा, तिथं…" तो मराठी शब्द शोधत होता. "तिथं बाहेर कोणी नसतं. ते सगळे टुगेदर असतात, बोलतात, मला ऐकू येत नाही. वाटतं, सगळं तिकडे होतंय आणि मी नाहीये. मग पाय जातात."

ओवेसनं टेप गळ्यातून काढला आणि हातात गुंडाळत राहिला.

"तू त्यांच्याकडे पळतोस म्हणून ते हरतात, बेटा."

"आय नो. आणि टीम गेली तर इथं माझं कोणीच नाही." रेहाननं नाक पुसलं. "तुम्ही कसं राहता, अब्बा? मम्मी गावी, मी इथं. तुम्ही तिथं एकटे नुसते उभे. कसं जमतं?"

"सवय होते."

पडद्यावरचा चेहरा उतरला. "ओके," तो म्हणाला. "ओके, अब्बा."

मागे.

पण हे मागे नेता येत नव्हतं.

"ऐक," हारून म्हणाला. ओवेस शेजारीच उभा होता, तरी म्हणाला. "संध्याकाळी मी तुझ्या मम्मीला फोन लावतो आणि इथं तांदळाच्या पोत्यावर ठेवतो. बोलत नाही आम्ही. ती भाकऱ्या थापते, त्याचा आवाज येतो. शेजारची येते, भांडते. मांजराला हाकलते. दुकान बंद होईपर्यंत चालू असतो फोन."

रेहान पडद्याच्या जवळ सरकला.

"म्हणजे तुम्ही पण आत बघता."

"बघतो की."

"मग?"

"बघतो. पाय हलवत नाही."

तिकडे कुणीतरी दार वाजवलं. इंग्रजीत हाक आली. रेहाननं मागे पाहिलं, परत पुढे पाहिलं.

"जाऊ?"

"जा. यल्ला."

कॉल संपला. पडद्यावर मघाचंच चित्र आलं. चेंडू अजून सुटला नव्हता. हारूननं ते तसंच राहू दिलं. मग बाटल्या फ्रीजमध्ये भरल्या. लाल कॅन भरले. एक उचलून त्यानं परत काउंटरच्या कडेला ठेवला.

ओवेस बराच वेळ लिंबू हातात घोळवत होता. मग त्यानं त्या कॅनकडे हात नेला.

"तो गरम झालाय," हारून म्हणाला. "आतला घे."