आज्जीला फुकट

सकाळपासून पाळण्यात फक्त नारळ बसला होता.

मैंदर्गीच्या जत्रेत सोमलिंगची ही ठरलेली रीत. आकाशपाळण्याचा पहिला फेरा देवाचा. एका डब्यात हळदकुंकू लावलेला नारळ ठेवायचा, पाळणा एकदा फिरवायचा, मग माणसं घ्यायची. नारळ फिरून आला, फुटला, खोबरं वाटून संपलं, ऊन कलायला लागलं. माणूस काही फिरकेना. समोर यंदा नवा पाळणा आला होता. ह्याच्या दुप्पट उंच, अंगभर दिवे. अख्खी जत्रा तिकडं माना वर करून उभी.

आणि मागं सोलापूरचा युवराज टेम्पो लावून बसला होता. जुनं लोखंड घेणारा. आज पाळणा भरला नाही तर घेऊन जा आणि काप, असं सोमलिंगनंच त्याला सांगितलं होतं.

"अप्पा, देऊ नका की," त्याच्या लेकीचा, चंद्रिकाचा सकाळपासून एकच धोशा. पोरगी दहावीतली, पण पाळण्याखालीच रांगायला शिकलेली.

"मग काय करू? तिसाचं तिकीट दहा करू?"

"अजाबात नको! दहाला पाळणा म्हटलं की लोकं वर बघत न्हाईत, नटबोल्ट बघत्यात."

युवराज खो-खो हसला. "नटबोल्ट बघायला मी आलोय की, अण्णा!"

चंद्रिकाला मिरची झोंबली. तिनं त्याच्याकडं पाठ केली, आणि तेव्हा तिला त्या दिसल्या. देवळाच्या भिंतीच्या सावलीत ओळीनं बसलेल्या आज्ज्या. प्रत्येकीपुढं चपलांचा ढीग आणि मांडीवर पिशव्या. घरचे सगळे जत्रेत, आणि 'तुमी जावा, मी हितंच बसते' म्हणून आज्जी चपलांच्या राखणीला. दर वर्षी. सगळ्यांच्या.

तिनं भोंग्याचा माईक हिसकावला.

"ऐका हो ऐका! आज्जीला फुकट! नातवंडाला तिकीट, संगटच्या आज्जीला फुकट!"

सोमलिंगनं कपाळावर हात मारला. "खुळी झालीस का गं? कुठली म्हातारी पाळण्यात बसतीया?"

"तिकीट काढून एक पण न्हाय बसणार, अप्पा. पण फुकटचं सोडणार बी न्हाय."

भिंतीजवळ कुजबुज झाली. मग एक आज्जी उठली, पदर कमरेला खोचला आणि तीन नातवंडं ओढत आली. "खरंच फुकट का? मागनं तिकीट मागशील तर बघ!" पाळणा वर गेला तशी ती "यव्वा गं!" म्हणून जी ओरडली, ती समोरच्या पाळण्याच्या गाण्यावरनं ऐकू आली. माना इकडं वळल्या. डबा खाली आला तेव्हा आज्जी डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती.

झालं! "ती बसली, मग मी काय घोडं मारलंय?" म्हणत तिची जाऊ उठली. जावेमागं विहीण उठली. आज्जी कधी एकटी येते होय? एका फुकट आज्जीमागं चार नातवंडं, त्यांना धरायला दोन सुना, आणि सुनांचा फोटो काढायला लेक. बघता बघता आठही डबे भरले आणि रांग रसवंतीपर्यंत गेली. सोमलिंग तिकिटं फाडता फाडता लेकीकडं असा बघत होता, जणू ही कुणाची पोर, हे त्याला आत्ता कळत होतं.

तेवढ्यात रांग अडली. पुढं बसव्वा नावाची आज्जी उभी होती, काठी टेकून, एकटी.

"माझी नातवंडं पुण्याला. यंदा आली न्हाईत," ती म्हणाली. "मला फुकट हाय का न्हाय?"

नियम चंद्रिकाचाच होता. मागच्या आज्ज्या कान टवकारून ऐकत होत्या. तिनं इकडं तिकडं बघितलं, आणि तिची नजर टेम्पोवर थांबली.

"ओ युवराजदादा! हिकडं या. ह्या आज्जीचे नातू व्हा. तिकीट तीस."

"मी? मी कापायला आलोय, बाई!"

"मग कापायच्या आधी बसून तरी बघा, लोखंड कसं हाय ते."

रांग हसली. तो नाही म्हणायच्या आत बसव्वानं त्याचं मनगट धरलं होतं. "चल की रे बाळा, लोकं खोळंबल्यात." डब्यात बसता बसता तिनं विचारलं, "वरनं पुण्याची वाट दिसंल का रे?"

पाळणा निघाला. पहिल्या फेऱ्याला युवराज दोन्ही हातांनी दांडी आवळून, डोळे गच्च मिटून बसलेला. "डोळं उघड, मेल्या!" बसव्वाचा आवाज वरून खाली आणि खालून वर गेला. दुसऱ्या फेऱ्याला त्याचा एक हात सुटलेला. तिसऱ्या फेऱ्याला तो लांब कुठंतरी बोट दाखवत होता, आणि बसव्वा कपाळावर तळहात धरून त्या बोटाच्या पलीकडं बघत होती.

डबा खाली येऊन थांबला. चंद्रिकानं कडी काढली. युवराज उठला नाही. त्यानं खिशातनं पुन्हा तीस रुपये काढून तिच्या हातावर ठेवले.

"आज्जीला अजून एकदा जायचंय."

"मी कुटं म्हणले?" बसव्वा म्हणाली. पण उठली तीही नाही.

सोमलिंगनं इंजिनाला हात घातला. मागं टेम्पो उभाच होता, फाळका उघडा टाकून. राखणीला एकही आज्जी उरली नव्हती, म्हणून सगळ्या जत्रेनं आपापल्या चपला त्याच्या हौद्यात आणून ठेवल्या होत्या.