पुना!

"फुगा अर्धा फुगवा आणि थांबा. मुलानं मागितल्याशिवाय पुढं फुंकायचं नाही," मुलांना बोलतं कसं करायचं, या पालकांच्या प्रशिक्षणात ताई सांगत होत्या.

हवालदार सोनटक्के गणवेशातच फरशीवर मांडी घालून बसले. समोर त्यांची तीन वर्षांची ईश्वरी. तिला डाऊन सिंड्रोम होता आणि अजून एकही शब्द ती बोलली नव्हती. अर्धा फुगवलेला फुगा तोंडात धरून ते थांबले. ती नुसती बघत राहिली.

"अहो, फुगवा ना! हवाय तिला," बायको कळवळली.

"तिलाच मागू दे," म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि फुगा सुटला. फर्रर्र करत खोलीभर भिरभिरला आणि थेट ताईंच्या अंबाड्यावर आदळला.

ईश्वरी खदखदून हसली. बापाची मिशी ओढत म्हणाली, "पुना!"

बायको रडता रडता हसू लागली. हवालदारांनी फुगा फुगवून सोडला. "पुना!" परत सोडला. आता बाकीचे आईबापही टाळ्या पिटत ओरडू लागले, "पुना! पुना!"

शेवटी लालबुंद झालेले हवालदार धापा टाकत फरशीवर आडवे झाले.

"ताई," ते हसत म्हणाले, "'बास' कधी शिकवायचं?"