दोर आणि पोहरा

पोलिसांचा शेवटचा ट्रक धूळ उडवत अहमदपूरच्या रस्त्याला लागला, तसे विहिरीच्या दोन्ही अंगांनी लोक दगड गोळा करू लागले.

त्या दुष्काळात पंचक्रोशीत ती एकच विहीर जिवंत होती. लातूर जिल्हा नवा झाला आणि शीव नेमकी तिच्याजवळून गेली. अलीकडची वाडी लातुरात, पलीकडची नांदेडात. पाण्यावरून डोकी फुटली, त्यात पहिलं अलीकडच्या सरजाबाईच्या पोराचं, केरबाचं. मग बाहेरून बंदूकवाल्या पोलिसांची तुकडी आली. ती होती तोवर दोन्ही वाड्या दातओठ खात पाणी भरत होत्या. आज तीही उठली.

सरजाबाई दगडांमधून चालत थेट काठावर गेली. समोर पलीकडचा म्हातारा लिंबाजी उभा होता.

"लिंबाजी, दोर आमच्या वाडीत ऱ्हाईल, पोहरा तुमच्या. हितं दुसरा दोर यायचा न्हाई, दुसरा पोहरा यायचा न्हाई."

"आमच्यावर इस्वास न्हाई का?"

"तसूभर बी न्हाई."

"मंग ठरलं," लिंबाजी म्हणाला.

रोज सकाळी ती दोर न्यायची, तो पोहरा आणायचा. गाठ मारताना शिव्या, सोडताना शिव्या. पण दगड कुणी उचलला नाही.

एके दिवशी केरबा बाजारातून नवा कोरा पोहरा घेऊन आला. कपाळावरची खोक अजून पुरती भरली नव्हती.

"आता त्या हरामखोरांची गरज न्हाई, माय. उद्यापासून विहीर आपली."

सरजाबाईनं पहार उचलली आणि पोहऱ्याच्या बुडाला भलंमोठं भोक पाडलं.

"विहीर आपली हुईल रं. पर तू ऱ्हाशील का?"

केरबा तणतणत निघून गेला. तिला रात्रभर झोप नव्हती. पलीकडंही पोरं होतीच.

सकाळी ती विहिरीवर गेली. लिंबाजी आला. खांद्यावर तोच चेपका पोहरा. पण धोतरावर करगोट्यासारखा आवळलेला नव्या दोराचा दोन-तीन हात तुकडा होता. तिची नजर त्यावर अडकली.

"ह्यो कुठला?"

"आमच्या पोरांनी आनला व्हता." तो दुसरीकडं बघत म्हणाला. "बाकीचा चुलीत गेला."

सरजाबाईनं आपल्या दोराचं टोक त्याच्या अंगावर फेकलं.

"बांध लवकर, मेल्या. ऊन चढायलंय."