काठोकाठ प्याला

फरगण्यातल्या आमच्या गावात भूकंपानं आयसुलूमावशीचं घर पाडलं, तेव्हापासून गवंडी तुराब दर रविवारची सुट्टी मोडून तिच्या भिंती उभारत होता. मजुरीचं नाव काढलं की म्हणायचा, "चहा पाजा, फिटलं." मावशी प्याला अर्धाच भरायची. आमच्याकडे पाहुणा हवासा असला की असंच ओततात, म्हणजे तो पुन्हा मागतो, रेंगाळतो. काठोकाठ भरला, की समजायचं, उठा आता. आज छप्पर चढलं. मावशीनं नव्या उंबऱ्याशी बसून चहा ओतला, थेट काठापर्यंत. तुराबचा चेहरा उतरला. "काम संपलं आणि लगेच हाकलता, मावशी?" "हाकलतेच! पलीकडच्या गल्लीत सलोमतच्या पोरी अजून ताडपत्रीखाली झोपतात." मावशी मातीची बादली उचलून, बाहीनं डोळे पुसत चालू लागली. तुराब प्याल्याकडे बघत राहिला. वळणावरून हाक आली, "चल की रे! तिथं चहा मीच ओतणार, अर्धाच."