घुमट नसलेली अणुभट्टी

दौलतरावांनी वर्तमानपत्र प्रसेनजितच्या पुढ्यात टाकलं. "हे तुहीच भट्टी ना?"

दौलतरावांच्या पत्नी रत्नमालाबाईंचा जलदानविधी आटोपला होता. पाहुणे मेडशीच्या स्टँडकडे निघून गेले होते. घरात बापलेक दोघंच उरले होते. आई गेल्यावर सहाव्या दिवशी मुलगा आला होता.

फोटो परदेशातल्या अणुभट्टीचा होता. विकणारा देश एक, घेणारा दुसरा आणि वेल्डिंग करणारा मेडशीचा प्रसेनजित. दौलतराव हे गावात सगळ्यांना सांगायचे. मुलाचं काम समजावं म्हणून त्यांनी म्हातारपणी पुस्तकं वाचली होती. आधी पाया, मग भिंती, मग घुमट. इंधन अगदी शेवटी.

आई अकोल्याच्या दवाखान्यात असताना मुलगा फोनवर एकच सांगायचा, "भट्टीत इंधन भरून राह्यले, बाबा. कोनालेच सुट्टी नाही." दौलतरावांनी ते खरं मानलं होतं.

"याच्यावर घुमटच नाही," ते म्हणाले. "बिनछताच्या भट्टीत इंधन भरत व्हते काय रे? इथं लिहेल हाय. करार फिसकटला, वर्षापासून काम बंद हाय."

प्रसेनजितनं मान खाली घातली. "आमाले सगळ्यायले वापस धाडलं, बाबा. मी अकोल्यातच व्हतो. खिडक्यांच्या जाळ्या जोडत व्हतो."

"अकोल्यात?" दौलतरावांचा आवाज फाटला. "अन् तुही माय एकटी गेली! मी दहा मिनिटं खाली काय उतरलो, एकटी गेली!"

"एकटी नाही गेली."

"म्हंजे?" दौलतरावांनी विचारलं.

"माय रोज दुपारी तुमाले खाली धाडे. मंग मी वर जाओ. तिनंच कसम घातली व्हती. म्हणे, तुह्या बापाचा जीव त्या भट्टीत हाय, बंद पडली हे त्यायले सांगू नको. त्या दिवशी तिचं डोकं माह्या मांडीवर व्हतं. तुमच्या चपलांचा आवाज आला अन् मी मागच्या जिन्यानं उतरलो."

सहा दिवस दौलतराव त्या दहा मिनिटांसाठी स्वतःला शिव्या देत होते. आता त्यांना शिवी सुचेना. पेपर त्यांनी हळूहळू घडी करून बाजूला ठेवला.

"तिले समजलं व्हतं? आज जाते म्हणून?"

"हो. सकाळीच फोन केला. म्हणे, आज लवकर ये."

"अन् मले," दौलतराव म्हणाले, "मोसंब्या आनाले धाडलं."