टेबल मिळणार नाही

"टेबल मिळणार नाही," ती म्हणाली.

नवरा दारातच थबकला. त्याच्या हातांत फडक्यानं धरलेलं भाताचं गरम पातेलं होतं. त्याला वाटलं, बायको गंमत करतेय. तो हसला आणि पातेलं ठेवायला पुढे झाला. तिनं दोन्ही हात टेबलावर आडवे पसरले.

"अगं, हात भाजताहेत माझे! कुठे ठेवू हे?"

"कुठेही ठेवा. इथे नाही."

टेबलाच्या मधोमध तिचं पुस्तक होतं. कोरं, जाडजूड, पानापानापासून तिनं स्वतः शिवलेलं. शिवणीचा निळा दोरा दिसावा म्हणून बांधणीकडची पाठ उघडीच ठेवलेली. त्या पाठीवर तिनं आत्ताच खळीचा पातळ हात फिरवला होता आणि वर फळी टाकून वजन दिलं होतं. खळ वाळेपर्यंत पुस्तक हलवायचं नसतं. बांधणीच्या कामातला हा पहिला धडा. तो तिनं इतक्या वर्षांत एकदाही पाळला नव्हता, कारण घरात मोठी सपाट जागा ही एकच, आणि जेवायची वेळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ताटं आली की ओलं पुस्तक फळीसकट उचलायचं, कॉटवर ठेवायचं, जेवणं उरकली की टेबल पुसून परत आणायचं. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तिला कुणी सांगावंही लागत नसे.

आज तिनं उचललं नाही. संध्याकाळी प्रदर्शनवाल्या बाई येणार होत्या; तिनं भेट दिलेली पुस्तकं त्यांनी कुणाकडे तरी पाहिली होती. शहरातल्या मोठ्या दालनात मांडण्यासाठी त्या तिचं एक पुस्तक निवडून नेणार होत्या. या एका बोलावण्याची ती किती वर्षं वाट बघत होती, ते तिचं तिलाच माहीत. दाखवायला म्हणून सकाळी तिनं कपाटातली जुनी पुस्तकं बाहेर काढली, एकेक हातात घेतलं आणि पुन्हा आत ठेवून दिलं. चारचौघांत मिरवावं असं त्यात एकही नव्हतं. का नव्हतं, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा तिला जो राग आला, तो आधी स्वतःचाच आला.

सासूबाई आपल्या खुर्चीत येऊन बसल्या होत्या. त्यांनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा मुलाच्या लाल झालेल्या तोंडाकडे.

"पुस्तक काय पळून चाललंय का गं? आधी दोन घास खाऊन घेऊ."

"जेवण तरी कुठे पळून चाललंय, आई? ताट मांडीवर घ्या. मी वाढते."

"आज काय अंगात आलंय हिच्या?" नवरा फ्रिजला म्हणाला, कारण बाजू घेईल असं दुसरं कुणी दिसेना. शेवटी पातेलं ओट्यावर परत गेलं. तो फ्रिजला टेकून उभ्यानं जेवला. एका हातात ताट धरून भात कालवताना त्याची जी तारांबळ उडाली, ती पाहून सासूबाईंना ठसका लागला. तो ठसका होता की हसू, हे त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. दोन शितं फरशीवर सांडली, भाजीचा एक डाग शर्टावर पडला. आभाळ काही कोसळलं नाही. ती मात्र जेवली नाही. पुस्तकाशेजारी राखण करत बसून राहिली, घरात चोर शिरल्यासारखी.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी पुस्तक उचललं, डोळ्यांसमोर आडवं धरलं, उलटंसुलटं केलं. पाठ ओळंबा लावल्यासारखी सरळ होती. बाईंचा चेहरा उतरला.

"सुंदर आहे हो. पण हे तुमचं वाटतच नाही. तुमच्या पुस्तकांची पाठ कशी अलगद एका अंगाला कललेली असते! मी फलकावर लिहूनसुद्धा ठेवलंय, 'सरळ रेषेला दिलेला नकार'. तसलं एखादं जुनं असेल ना घरात?"

"एखादं? ढीगभर आहेत!" नवरा उत्साहानं म्हणाला. "अगं, काढ की ती!"

कपाट हाताच्या अंतरावर होतं. दार उघडलं असतं तर दालन तिचं झालं असतं, फलकावर नाव लागलं असतं, लोकांनी वाकून वाकून पाहिलं असतं. तिचा हात कडीकडे गेलाही. ती उठली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"न्यायचं तर हेच न्या."

"आणि हे नाही नेलं तर?"

"तर राहील इथेच, टेबलावर."

"अहो, पण तुमची ती शैली..." बाई कळवळून म्हणाल्या. "तुमची ओळखच आहे ती!"

"शैली कसली! ताटं मांडायला म्हणून ओलं पुस्तक उचलायचे मी रोज, त्यानं कलायची ती पाठ," ती म्हणाली. "कपाटातली सगळी यांच्या जेवणाची आहेत. माझं हे पहिलंच."